नणंद नावाचा मासा

मासे निवडायच्या टेबलावर बायका त्या माशाला नणंद म्हणतात. त्याचं खरं नाव मला इतकी वर्षं बोटीवर काढूनही माहीत नाही. आम्ही त्याला दगड्या म्हणायचो आणि जाळ्यात दिसला की बुटाने परत पाण्यात ढकलायचो. पण बारीक मासळीच्या ढिगात एखादा लपून बर्फाच्या पेटीत जातो आणि पेटीतून टेबलावर येतो.

मासा जेमतेम तळहाताएवढा. रंग खडकासारखा, अंगावर शेवाळ लोंबल्यासारखी लक्तरं, तोंड वरच्या बाजूला वळलेलं. तो कुणाच्या मागे पळत नाही. समुद्राच्या तळाशी दगडांमध्ये पडून राहतो, आणि एखादा छोटा मासा समोर आला की तोंड उघडून त्याला आत ओढतो. मग परत तसाच पडून राहतो. त्याच्या पाठीवर काटे असतात आणि काट्यांत विष. मेल्यावरही काट्यांतलं विष जात नाही.

नणंद का म्हणतात, तर गप्प बसते आणि बरोबर जागी टोचते म्हणून. हे मला माझ्या मेहुणीने सांगितलं. तिला स्वतःला तीन नणंदा आहेत, त्यामुळे मी वाद घातला नाही.

टेबलावर एकच नियम होता. ढीग एका टोकाला ओततात आणि फळीने पुढे पुढे सरकवत नेतात. प्रत्येक जण आपल्या वाटणीची मासळी उचलतो, उरलेली पुढच्याकडे लोटतो. ज्याला तो मासा दिसेल त्याने मोठ्याने ओरडायचं, "नणंद आली!" की सगळ्यांनी हात वर करायचे. चिमटा एकच, तो मुकादमबाईकडे. तिला सगळ्या मावशी म्हणतात, मीही म्हणतो. मावशी येणार, मासा चिमट्याने उचलून बादलीत टाकणार, आणि मग हात खाली. मासा ज्याच्यासमोरून हाक न देता पुढे गेला, त्याने टेबल सोडायचं. त्यात दुसरी संधी नव्हती. एका बाईचं बोट कायमचं वाकडं झालं, तेव्हापासून मावशीने हा नियम केला होता.

माझी बायको याच टेबलावर उभी राहायची. या वर्षी उन्हाळ्यात ती गेली. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होती, मी बोटीवर होतो. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

ती गेल्यावर माझं बोटीवर जाणं बंद झालं. घरी आई अंथरुणावर आहे. तिचं सगळं बायको करायची. बोटीवर गेलो की आठ-दहा दिवस परत येणं नाही, आणि आईला पाणी द्यायलाही कुणी नाही. किनाऱ्यावरचं काम हवं होतं. मेहुणी मावशीला जाऊन भेटली. म्हणाली, "ताईची जागा भाऊजींना द्या. इंजिनात हात घालणारा माणूस आहे, मासे काय निवडणार नाही?" मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "उंची जरा जास्त आहे. पाठ दुखेल." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी बायकोच्या जागेवर उभा राहू लागलो, तिचाच एप्रन बांधून. त्याच्या नाड्या मला पुरत नव्हत्या, म्हणून मेहुणीने त्यांना सुतळीचे तुकडे जोडून दिले.

मला ती जागा आवडली, असं म्हटलं तर लोकांना विचित्र वाटेल. घरात तिची कुठलीच जागा नव्हती. ती कायम इकडून तिकडे फिरत असायची. इथे ती दिवसभर एका ठिकाणी उभी असायची. तिथे उभं राहिलं की समोर तेच दिसायचं जे तिला दिसत होतं: शेडचा उघडा दरवाजा, धक्का, बांधलेल्या बोटी. माझी बोटही.

टेबलावर माझ्याशिवाय सगळ्या बायका. त्या पहिल्या दिवसापासून मला सांभाळून घेत होत्या. माझा वेग कमी होता तर शेजारच्या दोघी माझं थोडं थोडं उचलायच्या. माझ्या एका बाजूला, ढिगाच्या तोंडाशी म्हणजे पेट्या ओततात त्या टोकाला, एक ठेंगणी बाई होती. माझ्यानंतर काही दिवसांनी आली, म्हणून तिला सगळ्या नवी म्हणायच्या. दुसऱ्या बाजूला मेहुणी.

"भाऊजी, हात चालवा. मासळी आहे, नवरी नाही, इतकं काय बघताय?"

"बघून उचलतोय."

"ताई न बघता उचलायची."

असं चालायचं. दिवस जायचा.

हाक मात्र मी एकदाही दिली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. नवी डोळे फाडून बघायची आणि तिच्यासमोरच मासा सापडायचा. ती बारीक आवाजात ओरडायची, सगळ्या हसायच्या, हात वर करायच्या. मीही करायचो. पण मनातल्या मनात म्हणायचो, आपल्यावर ही पाळी येऊ नये. मोठा बाप्या माणूस, धक्क्यावर सगळे ओळखीचे, आणि त्यांच्यासमोर "नणंद आली" म्हणून बोंबलायचं.

त्या दिवशी माझी बोट सकाळीच लागली होती. माल उतरवून झाल्यावर पोरं दोर घेऊन शेडवरून चालली होती. त्यात लंबू होता. मी आणि तो एकाच बोटीवर वाढलो म्हटलं तरी चालेल. मला तो नेहमी इंजिन म्हणायचा.

त्याच वेळी मला मासा दिसला. कोळंबीच्या खाली अर्धा दबलेला. आधी वाटलं दगडच आलाय, मग वर वळलेलं तोंड दिसलं. नवीच्या समोर तो ढिगाच्या पोटात होता, तिला दिसणं शक्यच नव्हतं. माझ्यासमोर येऊन उघडा पडला. मी ओरडायला तोंड उघडलं.

लंबू दरवाज्यात थांबला. "काय इंजिनबाई! आज मासळी कशी आहे?"

मागची पोरं हसली. मेहुणीने मान वर न करता उत्तर दिलं, "तुझ्यापेक्षा ताजी." पोरं आणखी हसली, आणि लंबूही हसला. तो वाईट माणूस नाही.

मी मात्र तोंड मिटलं. विचार केला, हे लोक जाईपर्यंत थांबू. तोवर मासा बाजूला ठेवू. फळीच्या कडेने मी तो हळूच टेबलाच्या कठड्याकडे सरकवला. पण टेबल ओलं, वर बर्फाचा चुरा. मासा कठड्याशी थांबला नाही. घसरत पुढे गेला आणि मेहुणीच्या ढिगात शिरला. मला तो जाताना दिसला. तेव्हाही एक हाक पुरली असती. लंबू अजून दरवाज्यात होता.

मेहुणी ओरडली नाही. तिने श्वास आत घेतल्यासारखा आवाज केला आणि हात छातीशी धरला. मग ती तिथेच खाली बसली.

पुढचं सगळं मीच केलं. हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या विषावर गरम पाणी लागतं, सोसेल तितकं गरम. म्हणून टेबलाच्या शेवटाला शेगडीवर कायम पातेलं ठेवलेलं असतं. मी धावत गेलो, पातेलं आणलं, बादलीत थंड पाणी घालून आधी माझा हात बुडवून पाहिला, मग तिचा हात धरून आत घातला. ती ओढत होती, मी सोडला नाही. पाणी निवलं की परत गरम घालत होतो. बायका म्हणत होत्या, "भाऊजी होते म्हणून बरं झालं." एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. माणूस नुकता बायकोला पोचवून आला आणि आता मेहुणी, असं काहीतरी ती पुटपुटली. मी मान खाली घालून पाणी ओतत राहिलो.

मेहुणीचा हात मनगटापर्यंत सुजला होता. चेहरा पांढरा पडला होता. एकदा तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि परत मिटले.

मावशीने मासा चिमट्याने उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"कुणासमोरून गेला हा?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"ढीग वरून खाली येतो. हिच्या हाताला लागला म्हणजे हिच्या आधीच्यांना दिसायला हवा होता." तिने नवीकडे पाहिलं. "का गं?"

"मावशी, शपथ घेते. मला दिसला नाही."

"दिसला नाही म्हणजे बघितला नाही."

"ढिगाच्या आत असेल हो. मी बघतच होते."

मग मावशी माझ्याकडे वळली. पण कशी वळली, तर दुखवट्याला आलेल्या माणसासारखी. आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला काही दिसलं का?"

मी म्हणालो, "नाही."

नवीने तिथल्या तिथे एप्रन सोडला. त्याची नीट घडी केली, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, आणि नाक पुसत गेली. ती कुठे राहते, तिच्या घरी कोण आहे, मला काहीच माहीत नव्हतं. इतके दिवस शेजारी उभा होतो.

घरी गेलो. आईला जेवायला दिलं, स्वतःचं ताट तसंच राहिलं.

"जेवण जात नाही म्हणजे काहीतरी करून आलायस," आई म्हणाली. "लहानपणापासून तुझं हेच."

"काही नाही केलं. मेहुणीच्या हाताला मासा लागला."

"मग तिच्याकडे जा. माझ्यापाशी बसून काय होणार? पाण्याचा तांब्या जवळ ठेव आणि जा."

मेहुणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, शिंपी आहे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मी पोचलो तेव्हा तो कुणाच्या तरी पँटची शिलाई उसवत बसला होता. मला पाहून उठला.

"या, या. जपून आत जा. हात फुगून उशीएवढा झालाय. आता थोबाडीत बसली तर मऊ लागेल." मग हसू थांबवून म्हणाला, "सगळं कळलं मला. तुम्ही होतात म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, लगेच गरम पाणी केलं ते उत्तम केलं. बसा, चहा टाकतो."

"नको."

"नको कसं? आमच्यावर उपकार आहेत तुमचे."

तो आत चहाला गेला. मेहुणी कॉटवर भिंतीला टेकून बसली होती, हात उशीवर. मी स्टुलावर बसलो. हातावर तीन काळे ठिपके होते आणि त्यांच्या भोवती कातडी ताणून चकचकीत झाली होती.

"कसं वाटतंय?"

"ठणकतंय. पण सकाळसारखं नाही."

मी म्हणालो, "मावशीने नवीला काढलं."

"कळलं."

"तिला दिसला नसेल."

"नव्हताच दिसला तिला." मेहुणी माझ्याकडे बघत होती. "भाऊजी, मी तुमच्या फळीकडे बघत होते. लंबूला उत्तर दिलं तेव्हा मान खालीच होती ना माझी? तुम्ही फळी उभी धरलीत. मासे लोटताना कुणी फळी उभी धरत नाही. मला वाटलं काहीतरी घाण बाजूला करताय."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. बादलीत हात असताना बघितलं मी तुमच्याकडे. मावशीने विचारलं तेव्हापण बघितलं."

"मी मुद्दाम काही केलं नाही गं. तो घसरला. मी काही केलं नाही."

"तो मासा तरी काय करतो?" ती म्हणाली. "नुसता पडून राहतो."

आतून कपांचा आवाज आला. साडू कुठलंतरी जुनं गाणं गुणगुणत होता. मला वाटलं त्याने लवकर यावं, आणि वाटलं येऊच नये.

"ते बोट लागली होती म्हणून," मी म्हणालो. "सगळे उभे होते. लाज वाटली."

"कशाची?"

"ओरडायची. बायकांसारखं."

तिने हात जरा हलवला, तोंड वाकडं केलं, परत ठेवला. मग बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"ताईचा आवाज सगळ्यात मोठा होता. बोटी आत येताना ऐकू जायचा. तुम्ही तिला एकदा सांगितलं होतंत ना, जरा हळू ओरडत जा, बोटीवर हसतात सगळे?"

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. एक रविवार होता, ती केस पुसत होती. मी असंच बोलून गेलो होतो. ती काय म्हणाली तेही आठवलं नाही, कारण बहुतेक काही म्हणालीच नव्हती.

"तिने सांगितलं तुला?"

"हसत सांगितलं. म्हणाली, आमच्या इंजिनाला माझा आवाज सोसत नाही. मग तुमची बोट दिसली की ती हळू ओरडायची आणि टेबलावर हात आपटायची, म्हणजे आम्हाला कळेल. आम्ही चिडवायचो तिला. नवरा आला, आता आपटा हात."

साडू चहा घेऊन आला. "काय चाललंय? रडवलीत का हिला? हिला रडवायला माझ्या बहिणींनाही जमत नाही."

"हात दुखतोय," मेहुणी म्हणाली.

मी चहा प्यायलो. गरम होता, तसाच प्यायलो. साडूने पुन्हा एकदा माझे आभार मानले. त्याला आत्ताच सांगायला हवं, असं वाटलं. मी मेहुणीकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे हो सांगा की नको सांगा, मला कळलं नाही. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आभार मानू नका. माझ्यामुळे झालं. मला मासा दिसला होता, मी हाक दिली नाही."

तो हसला. त्याला वाटलं मी दुःखात असं काहीतरी बोलतोय. मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. पुढच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने मशीन चालू झाल्याचा आवाज आला. मी निघालो तेव्हा त्याने मान वर केली नाही.

सकाळी मी लवकर शेडमध्ये गेलो. मावशी टेबलावर पाणी मारत होती. तिला एकटीला गाठून सांगता आलं असतं. तसंच करायचं असं ठरवूनच मी घरून निघालो होतो. पण ती एकटी दिसल्यावर मला कळलं, की असं एका बाजूला सांगणं म्हणजे परत तीच गोष्ट. मी एप्रन बांधून बाजूला उभा राहिलो. बायका आल्या, एप्रन बांधले, पहिली पेटी ओतली. दोर गुंडाळणारी पोरंही दरवाज्यात होती, लंबूसकट.

मी म्हणालो, "मावशी, काल नवीला दिसला नव्हता. मला दिसला होता."

मला वाटलं होतं आवाज मोठा निघेल. नाही निघाला. मावशीने नळ बंद केला. "काय म्हणालात?"

मग मोठ्याने बोलावं लागलं. सगळं सांगितलं, फळी, लंबू, लाज, सगळं. लंबू दोर तसाच हातात धरून उभा होता. एका बाईने तोंडावर हात ठेवला. काल जिने माझ्या पाठीवरून हात फिरवला होता, ती माझ्याकडे बघत नव्हती, ढिगाकडे बघत होती.

मावशीने ओले हात एप्रनला पुसले. "तुमच्या बायकोच्या जागेवर उभे होतात तुम्ही," ती शेवटी म्हणाली. मग कामाचं बोलली. "बर्फाच्या पेट्या ओढायला माणूस हवाय. जमत असेल तर करा. टेबलाला हात लावायचा नाही."

"जमेल."

"आणि तिला घेऊन या. तुम्हीच जा."

पत्ता एका बाईने सांगितला. नवीचं घर म्हणजे एका गॅरेजच्या वरची खोली होती. ती दारात आली, हाताला साबण. मी सगळं परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी रात्रभर विचार करत होते, मला कसा दिसला नाही. स्वतःवरचा विश्वास उडाला होता माझा." आणि दार लोटून आत गेली, हात धुवायला. मी जिन्यात उभा राहिलो. वाटेत ती माझ्यापुढे चालली.

मावशीने तिला ढिगाच्या तोंडावरून काढलं आणि माझी जागा दिली, म्हणजे बायकोची. मेहुणी परत येईपर्यंत तिथला आणि मेहुणीचा, दोन्ही ढीग तिलाच सांभाळायचे होते. पण तिथे कठडा उंच होता आणि ती ठेंगणी, हात पलीकडे पोचेनात. मावशी म्हणाली, "हिच्या पायाखाली काहीतरी द्या कुणीतरी." सगळ्या कामात होत्या. मोकळा मीच होतो.

मी एक रिकामं क्रेट आणून उपडं ठेवलं. ती चढली. "हलतंय," म्हणाली.

ती उतरली. मी गुडघ्यावर बसलो आणि टेबलाखाली वाकून बघितलं. तिथे फरशी एका बाजूला उतरती होती, पाणी वाहून जावं म्हणून. इतके दिवस उभा होतो, लक्षात आलं नव्हतं. बायको त्या उतारावर उभी राहायची. खिशात लाकडाचा तुकडा नव्हता. मी अंगावरचा बायकोचा एप्रन सोडला, सुतळीसकट, घट्ट घडी केली आणि क्रेटच्या कोपऱ्याखाली सारली. वर मासळी सरकवल्याचा आवाज येत होता, समोर सगळ्यांचे गमबूट दिसत होते. दोन्ही हातांनी क्रेट दाबून पाहिलं.

"आता बघा," मी खालूनच म्हणालो.

ती चढली. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार दिला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "व्हा बाजूला."